पोस्टमध्ये बघू

पुणे, मंगळवार रात्र

चि. भाचीस,


पॅकअपचा फोटो पाहिला. वाईच्या घाटावर सगळं युनिट उभं आणि मधोमध तू, क्लॅप छातीशी धरून. खाली लिहिलंयस, ‘सुटले मामा एकदाची!’ सुटलं ते युनिट. तू आत्ता कुठे अडकलीस.

फोटोत तुझ्या पायाशी ती निळी सॅक दिसली. मागे फोनवर म्हणाली होतीस, तिन्ही हार्ड डिस्क मी माझ्याजवळच ठेवते, कुणाच्या हाती देत नाही. काळजी पोचली, पण तीन प्रती एकाच सॅकमध्ये म्हणजे प्रत एकच. एक तुझ्याकडे, एक एडिटरकडे, एक निर्मात्याच्या कपाटात, आणि त्या तिघांनी वेगवेगळ्या गाड्यांतून न्यायच्या. डाटा सांभाळणाऱ्या पोराला विचार, कॉपी करताना चेकसम घेतला होता का. फोल्डर उघडून चार क्लिपा चालवून बघणं म्हणजे तपासणं नव्हे. ते झाल्याशिवाय शेवटच्या दिवसाची कार्डं फॉरमॅट होऊ देऊ नकोस.

तरी डिस्कची मला फार धास्ती नाही. डिस्क जपायची असते हे आता सगळ्यांना कळतं. शूटिंगमध्ये काय काय घडलं, त्यातलं निम्मं डिस्कवर येतच नाही, ते माणसांच्या डोक्यात राहतं. आणि माणसं पॅकअपच्या दुसऱ्या दिवशी पांगतात.

माझीच गोष्ट सांगतो. जत्रेच्या सीनसाठी एका दिवसापुरता दुसरा कॅमेरा भाड्याने आणला होता. आमचा मुख्य कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेमवर, हा आला 25 वर. आधी कुणीतरी टीव्हीच्या कामाला वापरला असणार. संध्याकाळी कॅमेरा असिस्टंटच्या ते लक्षात आलं, त्याने सांगितलंही, आणि ऐकणारा म्हणाला, ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे शूटिंगनंतर, एडिटच्या वेळी. एडिटला बसलो तर मिनिटभराचा शॉट साडेबासष्ट सेकंदांचा, आवाज अडीच सेकंद आधीच संपलेला. शॉट जसजसा पुढे जाई, तसतसा ढोलावर टिपरू पडायच्या आधीच ठोका ऐकू येई. चार दिवस आम्ही नुसतं कारण शोधत होतो. तो असिस्टंट तोवर हैदराबादला दुसऱ्या कामावर. एक ओळ कुणी लिहून ठेवली असती, तर चहा निवायच्या आत उलगडा झाला असता.

म्हणून तुला एकच काम सांगतो. एक वही घे आणि 28 दिवसांत सेटवर कोण कुठे ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणालं ते सगळं आठवून लिही. दिग्दर्शकाला विचार, कॅमेरामनला विचार, मेकअपवाल्या काकांनासुद्धा विचार. वाड्याच्या छपरामागे मोबाइलचा टॉवर येत होता. ‘काढून टाकू’ म्हणाले असतील. किती शॉटमध्ये? दहा सेकंदांचा एक शॉट म्हणजे 240 फ्रेम, आणि कॅमेरा हलता असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये टॉवरची जागा वेगळी. सेटवर टॉवर टाळून फ्रेम लावायला दहा मिनिटं लागली असती. असो, ती वेळ गेली. पण वही भरली की निर्मात्यापुढे ठेव आणि प्रत्येक ओळीपुढे खर्चाचा आकडा मांडायला लाव. पोस्टचे पैसे शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात जनरेटरला आणि जेवणाला जातात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही.

कंटिन्युइटीची फाइल मूळच्या मूळ एडिटरच्या हाती दे. झेरॉक्स नको. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मुलीने समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, ‘टेक 3 ओके, पण टेक 5 मध्ये आजी खरंच रडली.’ झेरॉक्समध्ये नेमकी पेन्सिल उमटत नाही.

तुला हेवा वाटेल असं सांगू? फाळक्यांकडे ही भानगडच नव्हती. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचं जेवण रांधत आणि फिल्मला भोकं पाडणं, धुण्याची रसायनं कालवणं, हेही करत. सकाळी काय घडलं ते रात्री फिल्म धुणाऱ्याला वेगळं कशाला सांगावं लागेल? तुझ्या सिनेमाचं शूटिंग वाईला, एडिट पुण्याला आणि मिक्सिंग मुंबईला. मधल्या रस्त्यावर एकटी तूच आहेस.

आणखी एक. तुझ्या सिनेमात बैलजोडी आहे ना? त्यांच्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढली होती का, ते लाइन प्रोड्युसरला नीट विचार. ‘हो, हो’ ऐकून गप्प बसू नकोस, कागद हातात घे. त्यांचं ना हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरकडे गाडं अडतं, आणि ते कळतं तेव्हा थिएटरच्या तारखा ठरलेल्या असतात. आजोबा चिलीम ओढतात त्या सीनखाली तंबाखूचा इशारा लागेल, त्याचीही नोंद वहीत कर.

आता घाईचं. परवा तू म्हणालीस, वाड्यातल्या माजघरातले सीन घाईत उरकले, जनरेटर परत न्यायचा होता म्हणून. तिथे कुणी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली का? माजघराची शांतता निराळी असते, दूरचा पंप, कौलांवरची चिमणी असं काहीबाही तिच्यात असतं. दोन संवादांच्या मधली जागा तिनेच भरावी लागते. ती नसेल तर प्रत्येक कटला आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो, आणि मिक्सिंगवाला मग संवादांमधले श्वासाएवढे तुकडे वेचून ते खड्डे बुजवत बसतो. वाडा अजून तिथेच आहे, मालक ओळखीचे झालेत, आणि एक माणूस नि एक रेकॉर्डर एवढ्याने भागतं.

साउंडवाल्याचं दुसरं शूटिंग शुक्रवारपासून आहे असं तूच म्हणाली होतीस. पत्र वाचून झालं की आधी त्याला फोन कर.

तुझा,
मामा