परसातील कोंबड्या

नागपुरास धरमपेठेतील आमच्या परसात कोंबड्या आल्या, तेव्हा आजींनी सोवळ्याची बादली निमूटपणे विहिरीपलीकडे नेली. ज्वारी मी मुठींनी उधळीत असे. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर जमू लागले, आणि उंदरांमागोमाग एके पहाटे मुंगूस आले. तांबडी कोंबडी गेली. आजी म्हणाल्या, "अरे, मुंगसास आवतण तूच दिलेस!"

तेव्हापासून दाणे तोलून घालतो: दिवसभर चरणाऱ्या कोंबडीस सायंकाळी ४०-५० ग्रॅम पुरतात. उरलेले दिवेलागणीपूर्वी झाडून झाकणाच्या डब्यात. खुराड्यास अर्ध्या इंचाची जाळी, तळाशी फरशी. घारीपुढे मात्र निंबाच्या सावलीखेरीज काय करावयाचे?

परवा मला कचेरीतून यावयास उशीर झाला. पाहतो तो परसात केरसुणी आजींच्या हाती होती.