दीड ग्रॅम नवसागर

बाजारात मासा घेताना आई आधी त्याचा कल्ला उघडून बघते. लालभडक असेल तर मासा ताजा. फिकट पडला असेल तर काही न बोलता पुढच्या टोपलीकडे. मालवणात वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या घरी, टेरेसवरच्या निळ्या पिंपातून मी एका सकाळी सात मेलेले मासे बाहेर काढले, तेव्हा तिने सवयीनेच एकाचा कल्ला उघडला. तो लाल नव्हता आणि फिकटही नव्हता. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी होता.

"असो रंग मी कधी बघूक नाय," ती म्हणाली.

मीही बघितला नव्हता. पण तो मीच तयार केला होता.

पिंप म्हणजे माझं अ‍ॅक्वापोनिक्स. कल्पना इतकी सुबक आहे की इंजिनियर माणूस बघताक्षणी प्रेमात पडतो. खाली २०० लिटर पाण्यात मासे, वर खडीच्या वाफ्यात भाजी. पंप पाणी वर नेतो, सायफनने ते परत खाली येतं. माशांची घाण झाडांना खत होते आणि झाडं पाणी साफ करतात. माती नाही, रासायनिक खत नाही. दोन महिने मी व्हिडिओ बघितले, आकृत्या काढल्या. वजन झेपेल अशी जागा घरमालकांना विचारून ठरवली. खडीवर व्हिनेगर टाकून फेस येतो का ते तपासलं, कारण चुनखडी असेल तर पाण्याचा पीएच चढत राहतो. आपली काळी खडी पास झाली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून पिंप भरून दोन दिवस तसंच ठेवलं.

आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, वीस गोल्डफिश आणून सोडले.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे तिलापिया सोडतात. तिलापिया म्हणजे उजनीच्या पाण्यात सापडणारी आपली चिलापी. ती पाळण्यावर सरकारी नियम आहेत आणि तिची वीण भराभर वाढते, म्हणून ती नको होती. रोहू-कटल्याची बोटुकली पिंपात सोडणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच. गोल्डफिश काटक असतो असं वाचलं होतं. वीस का? तर बोटाएवढे दिसत होते आणि पिंप रिकामं वाटत होतं. शिवाय त्या रविवारी मला फोटो टाकायचा होता. खरं कारण हेच.

चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. आठवडा संपेपर्यंत आठ गेले.

मग मी हिशेब केला. तो आधी करायला हवा होता. साधारण ३२ टक्के प्रथिनं असलेलं १०० ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की जवळपास ३ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनच्या रूपात पाण्यात येतो. मी रोज १० ग्रॅम घालत होतो. म्हणजे २०० लिटर पाण्यात दर लिटरमागे रोज दीड मिलिग्रॅमची भर, आणि ती कुठेही जात नव्हती. त्यात माझ्या पाण्याचा पीएच ८. त्याच तापमानाला पीएच ७ ऐवजी ८ असला, तर अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. हे सगळं दहावीच्या गणितात बसतं. माझ्याकडे डिग्री होती.

ज्याला मी 'झाडं पाणी साफ करतात' म्हणत होतो, ते मुळात झाडांचं कामच नव्हे. मधे जिवाणू लागतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. त्यानंतर पालक ते घेते. सर्गेई विनोग्राद्स्कीने हे जिवाणू १८९० मध्ये वेगळे करून दाखवले. ते खडीच्या कणाकणावर बसतात आणि फार सावकाश वाढतात. विरजण रात्रभरात लागतं. यांना दुप्पट व्हायलाच एखादा दिवस लागतो. माझ्या आकृतीत मासे होते, पंप होता, पालक होती. हे मात्र नव्हते, कारण ते फोटोत दिसत नाहीत.

मी रोज थोडं थोडं पाणी बदललं, खाद्य जवळजवळ बंद केलं आणि अमोनिया मोजायचं किट आणलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी किटमधल्या थेंबांचा हिरवा रंग उतरत उतरत पिवळा झाला. अमोनिया शून्य. मी सुटकेचा श्वास टाकला, आईला फोन करून "आता जमलं" म्हणालो आणि खाद्य पुन्हा वाढवलं.

तिसऱ्या आठवड्यात आई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सात.

अमोनिया गेला म्हणजे तो नायट्राइट झाला होता. पहिले जिवाणू आले होते, दुसरे अजून यायचे होते. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. रक्त तपकिरी पडतं. आईने उघडलेला कल्ला तोच सांगत होता. माझ्याकडे नायट्राइटचं किटच नव्हतं. एक आकडा शून्यावर आला म्हणून सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या रात्री वाचताना आणखी एक गोष्ट कळली. पाण्यात लिटरमागे ग्रॅमभर मीठ असतं, तर त्यातल्या क्लोराइडने नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरताना बरंच अडवलं असतं. माझ्या पिंपाला वाटीभर मीठ. ते स्वयंपाकघरात, आईच्या हाताशी होतं.

मी आईला म्हणालो, "तू तर रोज मासे साफ करतेस, तुला एवढं वाईट का वाटतंय?" प्रश्न चिडून विचारला होता. ती रात्रीच्या कालवणासाठी बांगडे कापत होती. हात न थांबवता म्हणाली, "खाऊक मारणा वेगळा, नि असा मरूक देणा वेगळा."

मला राग आला, कारण मला उत्तर नव्हतं. नव्या पिंपात आधी थोडे स्वस्त मासे सोडायचे, त्यांच्या घाणीवर जिवाणू वाढू द्यायचे, जे मरतील ते मरतील, असा सल्ला मी वाचला होता. तो वाचताना काही खटकलं नव्हतं. माझ्याही मनात मासे म्हणजे अमोनिया पुरवणारा एक भाग होते. भाग बिघडला की नवा आणायचा. आई ज्याला मारते त्याच्याकडे निदान नीट बघते.

उरलेले पाच मासे मित्राच्या जुन्या टाकीत नेऊन ठेवले. येताना त्याच्या फिल्टरमधली मूठभर खडी आणली. आई म्हणाली, "म्हणजे विरजाण." अगदी तेच.

पण विरजणालाही दूध लागतं. मासे नसताना जिवाणूंना अमोनिया कुठून द्यायचा? उत्तर मजेशीर निघालं: नवसागर. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. दुकानदाराने "कशाला हवाय?" असं ज्या नजरेने विचारलं, त्यात हातभट्टीचा संशय स्पष्ट होता. मी म्हणालो, दीड ग्रॅम लागतो. त्याचा संशय गेला आणि जागी कीव आली. शेवटी खात्रीचा, शुद्ध हवा म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आणला. दीड ग्रॅममध्ये २०० लिटरचा अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत जातो.

मग रोज संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की तीन काचनळ्या, थेंब, रंग, वहीत नोंद. पिंपात पाणी फिरतंय, पंप चालू आहे आणि मासा एकही नाही. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या महापालिकेच्या ताईंनी टॉर्च मारून आत बघितलं आणि विचारलं, "यात काय पाळलंय?" मी म्हणालो, "सध्या जिवाणू." त्यांनी मला गप्पी मासे सोडायचा सल्ला दिला. मी म्हटलं, अजून नाही.

अमोनिया बाराव्या दिवशी उतरायला लागला. नायट्राइट चढला आणि जांभळा रंग हटेचना. रोज वाटायचं, आज सोडूया का दोन? हेच वाटणं मागच्या वेळी मी ऐकलं होतं. ३८व्या दिवशी जांभळा फिका पडला. ४१व्या दिवशी मी पुन्हा नवसागर घातला आणि चोवीस तासांनी अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले. नायट्रेटची नळी लाल होती.

त्या शनिवारी ते पाच परत आणले. पिशवी अर्धा तास पिंपात तरंगत ठेवली आणि मग एकेकाला जाळीने सोडलं. पहिल्या दिवशी खाद्य नाही, नंतर चिमूटभर. महिनाभर आकडे स्थिर राहिल्यावर आणखी तीन आणले. नवख्याने हजार लिटरला फार तर वीस किलो मासे ठेवावेत असं म्हणतात. माझ्या पिंपाला चार किलो, तेही मासे पूर्ण वाढल्यावरच्या वजनाने. आठच्या पुढे मी गेलेलो नाही. पिंप अजूनही रिकामं दिसतं. फोटो काही खास येत नाही.

पालक चांगली येते. आईला सांगितलं तर तिला तिचं फार कौतुक नाही. दर रविवारी फोनवर ती एकच विचारते, "पाणी कसा आसा?"

मी वही उघडून आकडे वाचून दाखवतो.