टॉम, टिम आणि आजीचा पेळू

रात्रीचा एक. वर्धेचा मे, कूलर नुसता घरघरतोय आणि मी पुतणीचं बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन टक्क जागा! ती सेवाग्रामच्या मेडिकलला. सुटीत आली ती खादीच्या कपड्यांसोबत हा ठोकळाही घेऊन. मी जुना बी. कॉम., सहज चाळायला घेतलं आणि अडकलो.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, एवढं शाळेत घोकलेलं. पण त्यातली यंत्रं येतात कुठून? हजारावर प्रथिनं लागतात, आणि माणसाचं हे वीजघर स्वतः बनवतं फक्त 13! बाकीची बाहेर तयार होतात आणि आत शिरतात. बाहेरच्या पडद्यातलं दार टॉम, आतल्या पडद्यातलं टिम. खरंच, हीच नावं!

दारं इतकी अरुंद की घडी पडलेलं प्रथिन जातच नाही. उलगडून, एकेरी होऊनच जावं लागतं. वाचलं आणि आईची आई डोळ्यांपुढे आली. उजव्या हाताने चरखा, डाव्या हातात पेळू, फुगीर कापसातून निघणारा एकच धागा. प्रथिनाच्या धाग्याच्या टोकावर कुठे जायचं त्याचा पत्ता, तिथे धन प्रभार, आणि पडद्याची आतली बाजू ऋण. फरक साधारण 150 मिलिव्होल्टचा, पण टोक खेचलं जातं! मग आतलं एक प्रथिन पुढचा धागा ओढतं आणि टोकाचा पत्ता कात्रीसारखा छाटून उडवला जातो.

आणि ज्यांना आतल्या पडद्यातच राहायचंय? त्यांच्यापैकी काहींत पाण्याला भिणारा तुकडा असतो. तो आला की टिम थबकतं आणि चक्क कुशीला उघडतं. प्रथिन बाजूने पडद्यात सरकतं. कुशीला उघडणारं दार!

सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन मात्र दोन पडद्यांमधल्या बोळातच थांबतं. वनस्पतींतही ते असतं हे केंब्रिजमध्ये दाखवलं कमलाबाई सोहोनींनी, आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या बहिणीने. 1939 साली पीएचडी. बटाट्यातसुद्धा, बरं का!

राहवेना. पुतणीला उठवलं. “अगं, ही वीज बनवणारी यंत्रं विजेवरच आत येतात. मग पहिली वीज कुठली?”

“काका, झोपा ना,” ती पुटपुटली. “मायटोकॉन्ड्रिया कोऱ्यातून बनतच नाही. जुनाच वाढतो, दुभंगतो. आपल्याला आईच्या बीजांडातून मिळतो.”

आईच्या. म्हणजे तिच्या आईच्या. म्हणजे चरखेवाल्या आजीच्याच!

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला.