मोळी पडली की ‘श्यामची आई’ वाचू नये

सरकारने वाचनासाठी नेमून दिलेले दिवस आणि आमच्या बीड जिल्ह्याचं वर्ष यांचं कधी जमलंच नाही. वाचन प्रेरणा दिन येतो १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला. २०१५ पासून तो शाळेशाळेत साजरा होतो. नेमका त्याच सुमारास दसरा होतो, गावाच्या तोंडाशी ऊसतोडीला नेणारे ट्रॅक्टर लागतात, ट्रॉल्यांमध्ये पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, शेळ्या आणि लेकरं चढवली जातात. मी शिकवते त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर रंगीत खडूने ‘वाचाल तर वाचाल’ लिहून होईस्तोवर वर्ग निम्मा होत आलेला असतो. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला. तेव्हा ही लेकरं कुणी सांगली-कोल्हापुरात, कुणी बेळगाव-बागलकोटकडच्या फडात. २३ एप्रिलच्या पुस्तक दिनापर्यंत ती परतलेली असतात, पण तेव्हा लग्नसराई. मांडवात पुस्तक कोण उघडतो?

म्हणून माझं वाचनाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. शाळेत मला ‘पुस्तकी किडा’ म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. फक्त हा किडा हंगाम बघून खातो.

माझ्या माय-दादांचा कोयता होता. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली असायची, शाळेच्या दाखल्यापासून आजीच्या औषधापर्यंत सगळं तिच्यात भागायचं आणि दसरा झाला की ती फेडायला दोघं निघायची. मला धारूरजवळच्या आमच्या गावात आजीपाशी ठेवलेलं. बालाघाटाच्या डोंगरात कार्तिकात गाव असं मोकळं व्हायचं की हाळी दिली तर म्हातारी माणसंच ओ द्यायची. शाळेत एक लाकडी पेटी होती, तिच्यात पुस्तकं. त्या हिवाळ्यात पेटीतून माझ्या हाती ‘श्यामची आई’ पडली.

साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. महाराष्ट्रात ते न वाचलेलं घर शोधून सापडणार नाही. त्यावर रडणं हा तर संस्कारच मानला जातो. मी रडले नाही. मला राग आला. ह्या मुलाची आई रोज घरात आहे, ती त्याला पोहायला पाठवते, फुलं तोडू नको म्हणते, पाय पुसून देते, आणि हा एवढा मोठा ग्रंथ सांगत बसलाय! माझी माय तेव्हा पहाटे तीनला उठून, थंडीत पाचटात उभी राहून मोळ्या बांधत होती. मी पुस्तक मध्येच पेटीत ठेवलं. पुढे बारावीनंतर एका उन्हाळ्यात, माय अंगणात पापड वाळत घालत असताना, ते पुरं वाचलं आणि मग मात्र खूप आवडलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पुस्तक थोरच आहे, पण मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना चालू होऊन बंद होईपर्यंत, ज्याची आई फडात आहे त्या पोराच्या हाती ते देऊ नये. वैशाखात द्यावं.

मग हिवाळ्यात काय द्यावं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे सायकलवर भटकतो, भलत्याच संकटात सापडतो, हिकमतीने सुटतो आणि आईबापांची वाट बघत उंबऱ्यात बसत नाही. मागे राहिलेल्या पोरांना असलाच गडी लागतो. आणि ‘किशोर’चे अंक. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते, जुने अंक आता मोबाइलवरही फुकट मिळतात. पण जी लेकरं फडावर जातात त्यांना मी कागदी अंकच देते. अंक हलका, पेटीच्या कडेला बसतो, गोष्ट एका बैठकीत संपते. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बॅटरीच्या उजेडात लांबलचक कादंबरी कोण वाचणार, शेजारी धाकटं भावंड किरकिरत असताना? काही अंक परत येतात, धुराचा वास घेऊन. काही येत नाहीत. त्यांच्या पुढे वहीत मी ‘हरवला’ असं लिहीत नाही, ‘वाचकाकडे’ असं लिहिते. तपासणीला आलेल्या एका साहेबांना तो शेरा रुचला नव्हता. शेरा मात्र अजून तोच आहे.

दिवाळी अंक मी दिवाळीत वाचत नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हे चित्र मराठी घरात रुजलं म्हणतात. असेल. आमच्याकडे तालुक्याच्या ग्रंथालयात अंक येतात, त्यांना पुठ्ठा चढतो, नंबर पडतो, आधी ग्रंथपालांच्या ओळखीचे वाचतात, मग वकील, मग प्राध्यापक. माझ्या हाती येतो तो पौषात, कोडं सोडवून झालेला, मधलं एखादं व्यंगचित्र कापून नेलेला. शिळा झालेला नसतो मुळीच. उलट कोणती कथा चांगली ते तोवर कळलेलं असतं, कारण तिथली पानं मळलेली असतात.

लग्न होऊन मी केज तालुक्यात आले तेव्हा कळलं की रब्बीत वाचनाला रात्रही मिळते. शेतीची लाइट रात्रीची असली की गव्हाला पाणी द्यायला जावं लागतं. नवरा दारं धरतो, मी स्टार्टरच्या खोक्यापाशी घोंगडी पांघरून बसते, कारण लाइट केव्हा जाईल आणि केव्हा येईल त्याचा नेम नसतो. अशा एका रात्री मी नारायण धारपांची ‘लुचाई’ उघडली. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ही कादंबरी. गावात काहीतरी येऊन राहतं आणि गावातली माणसं एकेक करून कमी होत जातात. आता विचार करा, पौषाचा महिना, वस्ती लांब, गावातली निम्मी घरं खरोखरच कुलपात, आणि मी डोक्याला बॅटरी बांधून गाव रिकामं होण्याची गोष्ट वाचतेय. मध्येच मोटार बंद पडली. त्या शांततेत हरभऱ्यात काहीतरी खसखसलं आणि मी अशी ओरडले की नवरा खोरं घेऊन पळत आला. रानडुक्कर होतं. धारप वाचायचे तर असेच वाचावेत. दिवाणखान्यात, दिव्याखाली, चहा घेत वाचून त्यांच्यात काही नाही असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव असतो, तेव्हा एकदा दासोपंतांची पासोडी पाहायला मिळाली. सोळाव्या शतकातल्या ह्या माणसाने कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलं, मूळ पासोडी सुमारे चाळीस फूट लांब. आमच्या कोपीतल्या ‘किशोर’ची दशा पाहिल्यावर मला तर कापडाची कल्पना फारच व्यवहारी वाटली.

पाडव्याच्या आगेमागे ट्रॅक्टर परतू लागतात. वर्ग भरतो, पोरं उन्हाने रापलेली, अक्षरं विसरलेली. ह्या दिवसांत मी स्वतः फार वाचत नाही, वाचून दाखवते. त्यावर लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

वैशाखात मात्र मी कोकणात जाते. म्हणजे पुस्तकातून. पारा बेचाळीसच्या वर, दुपारी बारा ते चार घराबाहेर कुणी नसतं, नळाला पाणी कितव्या दिवशी येईल त्यावर बायकांची चर्चा. अशा वेळी श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ काढावेत. १९८७ साली आलेले दोन जाडजूड खंड, एका घराण्याच्या कितीतरी पिढ्या, आणि सगळ्याला कवेत घेणारी जगबुडी नदी. नदीचं नाव वाचूनच आम्हाला नवल वाटतं. आमची बिंदुसरा बुडवायचं दूरच, उन्हाळ्यात स्वतःच सापडत नाही. उन्हाळ्यात हलकंफुलकं वाचावं असं वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. दुपार लांब असते तेव्हाच लांब पुस्तक संपतं.

पण एका उन्हाळ्यात कोकण चाललं नाही. २०१९ चा तो दुष्काळ. दादांनी तोवर कोयता सोडला होता, पण बैलजोडी होती आणि ती चारा छावणीला न्यावी लागली. दादा तिथेच मुक्कामाला. मी सुट्टीत माहेरी आले होते, रोज डबा घेऊन जायचे आणि ऊन उतरेपर्यंत हिरव्या नेटच्या सावलीत बसायचे. तिथे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. १९५५ ची कादंबरी. माणदेशातली धनगरांची वाडी, नवखा मास्तर, पोरं जमवून शाळा, लोकांच्या हाताने उभी केलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी ओस होते. कॉलेजात ती अभ्यासाला होती तेव्हा आम्ही ‘ग्रामीण जीवनाचे चित्रण’ असं पाच गुणांचं उत्तर पाठ केलं होतं. छावणीत बसून वाचताना मात्र दिसलं की माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत. मेंढरं मरतात, माणसं निघतात, मास्तर बघतो. एवढंच. तसं कोरडं लिहायला केवढी ताकद लागत असेल! शेजारच्या दावणीचे एक आबा रोज विचारायचे, “बाई, काय वाचू लागल्या?” मी थोडं वाचून दाखवलं. चार-दोन पानांवर त्यांनी थांबवलं. “ह्यो मास्तर बदली करून घेतो का ऱ्हातो, तेवढं सांगा. बाकीचं आपल्याला ठाऊकंय.”

मृग लागला की दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. हे मी दर वर्षी काढते आणि दर वर्षी त्यांच्याशी वाद घालते. १९५६ चं हे छोटंसं पुस्तक चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याची झाडं, पाखरं, आकाश असं दाखवतं की मराठीत तोड नाही. पण त्यांचा पाऊस मुंबईकडचा. आमच्या जिल्ह्यात सगळा पावसाळा मिळून सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आषाढात ढग येतात ते बरेचदा तसेच पुढे जातात. म्हणून मी पुस्तकाच्या शेजारी वही ठेवते. त्यांचा आषाढ पुस्तकात, माझा वहीत. कोणत्या वर्षी सीताफळीला कधी पालवी फुटली, सरकीची दुबार पेरणी झाली का, होला कुठे बसला. वर्गातल्या पोरांनाही हेच करायला लावते. त्यांच्यातल्या एकाच्या वहीत एका महिन्याचं चक्र मी वाचलं: ‘आखाडात आभाळ येतं, मुकादम येतो.’ दुर्गाबाईंना हे वाक्य आवडलं असतं असं मला उगाच वाटतं.

श्रावणात आमच्या घरी पोथी लागायची. धुंडीसुत मालूचं ‘नवनाथ भक्तिसार’, चाळीस अध्याय. आमचा भाग नाथांचाच. आष्टीकडे सावरगावला मायंबा, तिथे मच्छिंद्रनाथांची समाधी, पाटोद्याकडे गहिनीनाथगड. आजीला अक्षर येत नव्हतं म्हणून मी वाचायची आणि ती अर्थ सांगायची. मराठीत पोरांसाठी अद्‌भुत कथा नाहीत अशी तक्रार मी कधीकधी ऐकते, तेव्हा मला ही पोथी आठवते. माशाच्या पोटातून मच्छिंद्र, हत्तीच्या कानातून कानिफ, मातीच्या पुतळ्यातून गहिनी. आणि गोरक्ष उकिरड्यातून, बारा वर्षांनी. तो अध्याय वाचताना एकदा मी आजीला म्हटलं होतं की ह्या दसऱ्याला मी मागे राहणार नाही, मीही जाणार फडावर. आजीने वाती वळता वळताच सांगितलं, “ते लेकरू बारा वर्सं उकिरड्यात ऱ्हायलं आन् नाथ होऊन निघालं. तुला सहा म्हैने घरात ऱ्हायला काय धाड भरली? वाच म्होरं.”

भाद्रपदात १७ सप्टेंबर येतो, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडा होतो, भाषण होतं. त्या आठवड्यात मी नरेंद्र चपळगावकरांचं काहीतरी वाचते. ते बीडचे, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, २०२३ च्या वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांवरचं ‘कर्मयोगी संन्यासी’ आधी वाचलं होतं. यंदा ग्रंथालयातून ‘संस्थानी माणसं’ आणलं, ते दादांनी काढून घेतलं. दादा चौथी शिकलेले, बोट ओळीखाली धरून वाचतात, कंबर गेल्यापासून हाच उद्योग. तीनेक दिवसांनी म्हणाले, “ह्याच्यात शिकलेली, नावाजलेली माणसं हायेत. चांगली हायेत. पर त्या टायमाला आपला आजा काय खात व्हता, त्ये कुणी लिव्हलं?” मी म्हटलं, ते दुसऱ्या पुस्तकात शोधावं लागेल, प्रत्येक पुस्तकाने सगळं सांगायचं नसतं. त्यांना पटलं नाही. ग्रंथालयाची मुदत संपली आहे, ग्रंथपालांचा दोनदा फोन येऊन गेला. पुस्तक दादांच्या उशाशी आहे आणि त्यांचं म्हणणं, अजून भांडून झालेलं नाही.