आम्स्टेलव्हेनमधील प्रतीक्षेचे दिवस

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा आपल्या घरांतील रिवाज. परंतु कन्येची नोकरी आणि तपासण्या नेदरलँड्समध्ये सुरू असल्याने या वेळी माहेरालाच तिच्याकडे जावे लागले. आम्स्टरडॅमच्या दक्षिणेस लागून असलेल्या आम्स्टेलव्हेन या शहरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. एप्रिलच्या आरंभी सौभाग्यवतींसह मी तेथे पोहोचलो.

निघण्यापूर्वीचा हिशेब दिवसांचा होता. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येते. येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात मोजतात. प्रसूती ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही होऊ शकते. ३६ आठवडे पूर्ण होताच पोहोचलो, तर ४२व्या आठवड्यापर्यंत ४२ दिवस खर्ची पडतात आणि ४८ शिल्लक राहतात. त्यात सव्वा महिना बसतो. आधी गेलो असतो, तर नेमक्या गरजेच्या वेळी परतावे लागले असते.

युरोपबाहेरून सामानात दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने साजूक तुपातील लाडू नेता येत नाहीत. आम्ही डिंक, सुंठ, खारीक आणि बाळंतशेपा नेल्या. तेथील बिनमिठाचे लोणी कढवून तूप केले व लाडू तेथेच वळले.

या देशात निरोगी गर्भवतीची जबाबदारी डॉक्टरकडे नव्हे, तर सुईणीकडे असते. ही सुईण चार वर्षांचे उच्च शिक्षण घेतलेली असते. घरी प्रसूती करण्याची प्रथाही तेथे टिकून आहे. कन्येचा कल घराकडे होता. सौभाग्यवतींना पहिलटकरणीसाठी दवाखानाच हवा होता. दोन दिवस घरात अबोला होता. अखेर सुईणीने समजावले की, दवाखान्यात खोली घेऊनही तीच प्रसूती करू शकते आणि अडचण दिसताच तेथील डॉक्टर हाती घेतात. कन्येने हा मार्ग निवडला, आणि मायलेकींत पुन्हा बोलणे सुरू झाले.

तरीही घरचा पलंग ठोकळ्यांवर चढवून सुमारे ८० सेंटीमीटर उंच करावा लागला. प्रसूतीनंतर काही तासांतच माता घरी येते. पुढे आठवडाभर ‘क्रामझोर्ग’ची परिचारिका घरी येऊन माता व बाळाची काळजी घेते, तिची पाठ वाकू नये म्हणून ही उंची. तिची नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते. ‘मग मी कशाला आले?’ असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा कन्या म्हणाली, ‘आई, ती आठ दिवसांनी जाईल. त्यानंतर मला तूच हवीस.’

रोज सायंकाळी आम्ही आम्स्टरडॅमसे बोस या वनात फिरत असू. सुमारे हजार हेक्टरांचे हे वन १९३०च्या दशकात बेरोजगारांना काम देण्यासाठी मानवी श्रमांतून उभे केले गेले. तेथील एका भागात जपानी महिला मंडळाने भेट दिलेली चेरीची ४०० झाडे आहेत. आम्ही गेलो तेव्हा ती फुललेली होती. कन्या दर दोन बाकांनंतर बसून विसावा घेई.

एक प्रश्न नावाचा होता. तेथे जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते, आणि नोंदीच्या वेळी नाव द्यावे लागते. आपल्याकडे हा मान आत्याचा, आणि तोही बारशाला. म्हणून विहीणबाईंशी बोलून कन्येच्या नणंदेला ३८व्या आठवड्यातच व्हिडिओ कॉलवर विनंती केली. तिने मुलाचे एक व मुलीचे एक, अशी दोन नावे सुचवली. ती कागदावर लिहून दवाखान्याच्या पिशवीत ठेवली.

४१व्या आठवड्यात नात जन्मली. डच रिवाजाप्रमाणे कुरकुरीत गोल टोस्टवर गुलाबी-पांढरी साखरी बडीशेप पसरून शेजाऱ्यांना दिली. घटक मात्र कन्येने आधी वाचून घेतले. बाळंतिणीस बडीशेप हितकर, ही समजूत तेथेही आहे, हे ऐकून सौभाग्यवतींनी परिचारिकेला आपल्या बाळंतशेपांचा डबा उघडून दाखवला.

परदेशी बाळंतपणास जाणाऱ्या पालकांनी व्हिसाचे दिवस, परिचारिकेची नोंदणी आणि बाळाचे नाव या तीन गोष्टी तिकीट काढण्यापूर्वीच मुलांशी बोलून ठराव्यात, अशी विनंती आहे.