नजर वर ठेव, बाळा

मोठ्यांपुढे नजर खाली ठेवावी, हे आपणच पोरांना शिकवतो. मीही माझ्या थोरल्याला तेच शिकवले. जर्मनीत स्टुटगार्टला मुलाखतीत तो खाली बघत बसला आणि 'हो' म्हणायला नुसती आडवी मान डोलावत राहिला. काम हुकले. नंतर तिथल्या एका ओळखीच्याने उलगडून सांगितले, "खाली बघणारा इथे काही लपवतोय असे वाटते, अन् आडवी मान म्हणजे नकार." त्या रात्री फोनवर पोर रडले. संस्कार खोटा नव्हता. रीत निराळी होती.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. उद्या तुमच्या घरचेही कोणी जाईल. त्याला एवढे सांगा. वेळेच्या ५-१० मिनिटे आधी पोचावे. हात मिळवताना डोळ्यांत बघावे. आडनावाआधी 'हेर' किंवा 'फ्राउ' लावावे, आपण राव-बाई लावतो तसे. होकार तोंडाने द्यावा. जे येत नाही, ते 'येत नाही' म्हणावे.

दुसऱ्या मुलाखतीत थोरल्याने नजर वर ठेवली, काम मिळाले. सुटीत घरी आला, तेव्हा आजीच्या पाया मात्र पहिल्यासारखाच वाकून पडला.