पोट सोडून सगळीकडे बघा!

घोडीचं पोट बघून ती गाभण आहे की नाही ते कळत नाही! खरंच कळत नाही! मला हे नुकतंच समजलंय आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून सांगतेय. भाजीवाल्या मावशींना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, आता तुम्ही सापडलात! बसा! आधीच सांगते, मी पशुवैद्य नाही, घोडेवाली तर अजिबात नाही. जे सांगणार आहे ते सगळं बघितलेलं, विचारून घेतलेलं आणि मग झोप येईना म्हणून रात्री वाचत बसले ते. पण काय काय वाचलंय!

झालं असं, की माझ्या मामाने दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली. सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव, आणि तिथे दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो तो बघायला माणसं कुठून कुठून येतात! मामाची घोडी पंचकल्याणी. चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, बाकी अंग कुमैत. नाव बिजली. थेट फलटणजवळच्या मळ्यात आली, सुखाने राहिली, आणि मग चैत्रात मी सुट्टीला गेले तर तिचं पोट हे एवढं! दोन्ही बाजूंनी बाहेर!

मामा म्हणाला, "खाऊन सुटलीय गं ती. उद्यापासून चंदी निम्मी करतो, अन् रोज चांगली पळवतो."

मामी म्हणाली, "अहो, गाभण असेल! बाजारातली घोडी, आधी कुठल्या घोड्याजवळ बांधली होती ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

मामा म्हणाला, "गाभण असती तर विकणाऱ्याने तेच सांगून जास्त पैसे नसते का घेतले?"

दोघांचंही पटत होतं! आणि गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांचे उपाय अगदी उलटे! लठ्ठ असेल तर खाणं आटोक्यात आणून व्यायाम वाढवायला हवा, नाहीतर खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडं लंगडं होऊ शकतं. आणि गाभण असेल तर एकदम खाणं तोडणं म्हणजे भलतंच संकट! लठ्ठ आणि त्यात गाभण असलेल्या जनावराला, विशेषतः तट्टांना, अचानक उपाशी ठेवलं की अंगातली चरबी भसाभस रक्तात उतरते आणि जिवावर बेतू शकतं! म्हणजे नुसतं कुतूहल नव्हे, खरोखरच कळायला हवं होतं! आणि तेही चंदी निम्मी व्हायच्या आत!

मग मी मोतद्दार काकांकडे गेले. काका खरारा करत होते. मी विचारलं, "काका, पोटावरून काय वाटतं?" तर न बघताच म्हणाले, "ताई, पोट बघू नका. पोट सगळ्यांनाच असतं."

पोट सगळ्यांनाच असतं! काय बोलले काका! आणि मग त्यांनी माझा हात धरून बिजलीच्या मानेवर ठेवला, आयाळीच्या खालच्या कडेवर, आणि ती कड जाड होती, हलवली तर हलत होती, आणि मग खवाट्यावर, आणि मग खांद्याच्या मागे, तिथे मऊ गादी लागली, आणि मग बरगड्यांवर, आणि बरगड्या लागेनातच, बोटं दाबली तेव्हा कुठे एक एक हाताला आली, आणि मग पाठीवर, जिथे कण्याच्या जागी चक्क पन्हळ पडली होती, आणि मग शेपटीच्या मुळाशी, तिथेही लुसलुशीत! पोटाला हातच लावला नाही! सगळी घोडी फिरून झाली आणि पोट राहिलंच!

आता ऐका. रात्री वाचायला बसले तर काय! 1983 साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये, डॉन हेनेके नावाच्या माणसाने घोड्यांचा लठ्ठपणा मोजायची 1 ते 9 अशी पट्टी तयार केली. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अति लठ्ठ. आणि बघायच्या जागा किती? सहा! कुठल्या? मान, खवाटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ! काकांच्या हाताच्याच सहा जागा! आणि हा अभ्यास झाला होता तो घोड्यांवर नव्हे, घोड्यांवर! काना-मात्रा तीच, पण माद्यांवर! म्हणजे घोडी गाभण राहील की नाही याचाच विचार करणाऱ्या लोकांनी लठ्ठपणा मोजला आणि पोट मोजलंच नाही! कारण पोट चारा, पाणी, वायू, जंत, शिंगरू, कशानेही फुगतं, पण मानेवरची चरबी चरबीच असते!

आणि याचं उलटं टोक पण आहे! बरगड्या मोजता येतात, पाठ बसलेली, आणि पोट मात्र लोंबतंय. निकस, जाडाभरडा चारा पोटात साठून राहतो, किंवा जंत झालेले असतात. बघणारा म्हणतो, "वा, गाभण दिसतेय!" आणि ती बिचारी चक्क उपाशी असते!

मग मी मामीची शिवणाची टेप आणली. राहवेना! घोड्याचं वजन काट्याशिवाय काढता येतं, हे माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं! पुढच्या पायांच्या कोपरामागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, सगळं सेंटिमीटरमध्ये, घेराला घेराने गुणायचं, लांबीने गुणायचं आणि 11880 ने भागायचं. बिजलीचा घेर 176, लांबी 148, म्हणजे साधारण 386 किलो! आणि नीट बघा, या हिशेबातही पोट नाही! छातीचा घेर! सगळे शहाणे लोक पोटाला वळसा घालून जातात!

तर बिजली लठ्ठ ठरली. मामा खूश! "बघ, म्हणालो नव्हतो?" आणि मी पण क्षणभर गप्प झाले, आणि मग एकदम लख्ख कळलं. लठ्ठ ठरली म्हणून गाभण नाही असं कुठे ठरलं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत! आपण उगाच एकमेकांसमोर उभे केले होते! मानेवरची चरबी पहिल्याचं उत्तर देते, दुसऱ्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही!

मग दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलो. मी म्हटलं, कास बघू! काका म्हणाले, कास भरते ती शेवटच्या काही आठवड्यांत. घोडी अकरा महिने गाभण असते, सरासरी 340 दिवस, म्हणजे त्यातले दहा महिने कास रिकामीच! मी म्हटलं, माजावर येते का बघू! घोडी उन्हाळ्यात साधारण 21 दिवसांनी माजावर येते, पण थंडीत दिवस लहान झाले की पुष्कळ घोड्यांचा माज आपोआप थांबतो, आणि उलट काही गाभण घोड्याही माज दाखवतात! म्हणजे तिथेही पक्कं काही नाही! मग सकाळी गार पाणी पाजल्यावर काकांनी माझा तळवा तिच्या कुशीवर ठेवला, मागच्या मांडीच्या थोडा पुढे, आणि आम्ही श्वास रोखून उभे राहिलो, आणि मग आत काहीतरी हललं! हललं! मी ओरडलेच! काका शांतपणे म्हणाले, "शिंगरूही असेल, आतडंही असेल." घोड्याचं आतडं इतकं अवाढव्य, की ते सारखं हलतं आणि गुरगुरतं!

आता खरी मजा! रक्त तपासायचं म्हटलं तरी केव्हा तपासता यावर सगळं आहे! घोडीत गर्भ राहिला की साधारण 35 ते 40 दिवसांच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात छोट्या छोट्या वाट्या तयार होतात आणि त्या एक संप्रेरक रक्तात सोडतात. 1930 मध्ये कोल आणि हार्ट या दोघांना कॅलिफोर्नियात ते गाभण घोडीच्या रक्तात सापडलं. पण या वाट्या साधारण 120 दिवसांपर्यंत विरून जातात! म्हणजे त्यानंतर हीच तपासणी केली तर घोडी गाभण असूनही रक्त म्हणणार, नाही! आणि याच्या उलट, वाट्या तयार झाल्यावर गर्भ गेला तरी त्या आठवडेच्या आठवडे काम करत राहू शकतात, म्हणजे गर्भ नाही आणि रक्त म्हणतंय, हो! मला तर गरगरायलाच लागलं!

आणि मग लघवी! पुढच्या महिन्यांत गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन प्रचंड वाढतं. 1934 मध्ये कुबोनी नावाच्या माणसाने त्यावर एक चाचणी काढली, लघवीवर आम्लं आणि बेन्झिनची प्रक्रिया करायची, गरम करायची, आणि मग प्रकाशात धरली की हिरवी चमक! हिरवी! आणि हे इस्ट्रोजेन येतं कसं? त्याचा कच्चा माल पोटातल्या शिंगराच्या जननग्रंथी पुरवतात! त्या ग्रंथी एवढ्या वाढतात, की एका टप्प्यावर आईच्या बीजांडकोशांपेक्षा मोठ्या होतात, आणि जन्मापर्यंत पुन्हा लहान! म्हणजे ही खूण शिंगरू स्वतः पाठवतं! जिवंत असेपर्यंतच पाठवतं! अंगावर काटा आला की नाही?

शेवटी मामीने तालुक्याहून डॉक्टरांना बोलावलं. बिजलीला खोड्यात उभं केलं, शेपूट बांधून बाजूला घेतली, डॉक्टरांनी खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा घातला, आधी शेण काढून घेतलं, आणि मग सोनोग्राफीचा छोटा प्रोब मुठीत धरून हात आत घातला. हळू! इतक्या हळू! बिजली कान मागेपुढे करत होती, काका तिच्या कपाळावर हात फिरवत होते आणि मी मशीनच्या पडद्याला नाक लावून उभी. सगळं करडं. काळं. करडं. आणि मग एक काळा गोल आला, भोवती पांढरी कड, आणि आत आणखी एक बारीक गोल.

डॉक्टर म्हणाले, "डोळा."

डोळा!! शिंगराचा डोळा! मी मामाचा दंड इतका घट्ट धरला, की तो "अगं अगं" करायला लागला! आणि ऐका, डॉक्टरांनी तो डोळा पडद्यावर मोजला! डोळ्याच्या मापावरून गर्भाचं वय काढतात! उत्तर आलं, सात महिन्यांच्या आसपास. म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारात उभी होती तेव्हाच तिला तिसरा महिना असणार! तेव्हा रक्त तपासलं असतं तर लगेच कळलं असतं, आता तेच रक्त कानावर हात ठेवणार!

मामीने विचारलं, "म्हणजे गाभण ना?" डॉक्टर म्हणाले, "गाभण आहे, आणि लठ्ठही आहे." दोन्ही! मामा खरा, मामी खरी! चंदी एकदम तोडायची नाही, पण वाढू पण द्यायची नाही, चांगला सुका चारा मोजून, खनिजं, आणि रोज सावकाश चालणं. शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन-चार महिन्यांत होते, तेव्हा खुराक त्यांच्या सल्ल्याने बदलायचा. आणि विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस. का? कारण घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं शिंगरापर्यंत पोचतच नाहीत! सगळी मिळतात ती चिकातून, पहिल्या काही तासांत! तेव्हा आईला लस द्यायची, म्हणजे चीक ताकदीचा होतो!

आणि एक सांगायचं राहिलं, सगळ्यात भारी! नुसतं 14 दिवसांचं असतं ना, तेव्हाही सोनोग्राफीत दिसतं! गोटीएवढा गोल, आणि तो गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असतो! सगळीकडे जाऊन आईच्या शरीराला कळवतो, की मी आलोय, आता माजावर येऊ नकोस! आणि मग सोळाव्या दिवसाच्या सुमारास एका जागी बसतो. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाचे ठोके! आपल्याला बाहेरून काही म्हणता काही दिसत नसतं, पोट सपाट, आणि आत हा फिरतोय!

आता तुमचं काम! लग्नाच्या वरातीत, माथेरानच्या वाटेवर, महाबळेश्वरला, कुठेही पोटाळ घोडी दिसली तर पोट बघू नका. मान बघा, बरगड्या बघा, शेपटीचं मूळ बघा. आणि तुमच्याकडे, तुमच्या भावाकडे, कोणाच्याही दावणीला अशी घोडी असेल आणि आधीचा इतिहास ठाऊक नसेल, तर चंदी तोडायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. उद्या नको, आजच! कारण आज जी तपासणी स्पष्ट "हो" म्हणेल, तीच पुढच्या महिन्यात गप्प बसेल!